गुडाखूच्या डबीत ओतलेलं औषध

प्रश्न माझ्या मुलीच्या दातांचा होता आणि डॉक्टरांनी तो विचारला माझ्या नवऱ्याला.

मुलगी खुर्चीत आडवी होती, तोंड उघडं, तोंडात आरसा. तिला बोलता येत नव्हतं हे मान्य. पण आरसा काढता येतो. मी भिंतीजवळच्या स्टुलावर बसले होते, मला विचारता आलं असतं. डॉक्टर माझ्या अंगावरून नजर पुढे नेत, दारात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे वळले आणि म्हणाले, "काकाजी, ये तंबाखू-वंबाखू कुछ लेती तो नहीं?"

नवऱ्याच्या गालात खर्रा होता. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला. थुंकी बाहेर येऊ नये म्हणून त्यांना आधी मान वर करावी लागली. तशीच मान वर ठेवून ते म्हणाले, "आमच्या घरच्या बाया? काहीच्या काही बोलता जी डॉक्टरसाहेब. चांगल्या घरची पोरगी आहे."

डॉक्टर हसले. "आप तो छोड़ो अब, काकाजी."

"छोडतो जी, छोडतो."

दोघंही हसले. खर्रा खाणारा माणूस आणि त्याला तो सोडायला सांगणारा माणूस, दोघांचं कसं छान जमतं. गोष्ट तिथंच संपली. मुलीचे डोळे खुर्चीतून तिरपे होऊन माझ्याकडे लागले होते. मी खाली फरशीकडे बघत राहिले. माझ्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेली, गुडाखूची डबी होती.

मी फार बोलणारी बाई नाही. घरात कोणी चार शब्द बोललं की मी एक बोलते, तोही भाजीत मीठ बरोबर आहे का एवढाच. पण त्या दिवसापासून माझ्या आत जो संताप बसला आहे तो काही केल्या उतरत नाही. आधी तो त्या डॉक्टरवर होता, मग नवऱ्यावर. खरा कोणावर आहे ते कळायला मला उशीर लागला, आणि त्या उशिराची किंमत मी दिली नाही, पोरीनं दिली. म्हणून लिहिते आहे.

आमच्या भागाबाहेरच्या लोकांना गुडाखू माहीत नसते. गुळाची मळी, तंबाखू, चुना आणि लाल माती यांची ती काळपट लुसलुशीत लगदी. लहानशा गोल डबीत मिळते. अंगठ्याजवळच्या बोटावर घ्यायची आणि दातांवर घासायची, हळूहळू, थुंकत थुंकत. तोंड आधी जळतं, मग बधिर होतं, मग डोकं जरा हलकं होतं. दात दुखत असेल तर दुखणं चूप बसतं. दुखत नसेल तरी बाई घासतेच, कारण तेवढा वेळ तिला कोणी उठ म्हणत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई आणि शेजारच्या दोघीतिघी सकाळी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, उकिडव्या बसून घासायच्या. तोंडात बोट, बोलणं निम्मं खुणांनी. मला बी.ए.ची पदवी होती आणि नवी नवी किळस होती. ती किळस किती टिकली ते विचारू नका. सांदवाडीत जाऊन बसलं की मी कोणाची सून नसायचे, एवढं मात्र सांगते. सासूबाई गेल्या, आम्ही गोंदियाजवळ फुलचूरला घर बांधलं, शेजारणी बदलल्या, माझं बोट तेच राहिलं.

नवऱ्याला माहीत नव्हतं? मला नाही वाटत. एकाच घरात, एकाच मोरीत थुंकणारी माणसं. त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते माहीत नसल्यासारखं ठेवलं होतं. कारण माहीत आहे म्हटलं की बोलावं लागतं आणि बोलायला लागलं की स्वतःच्या गालातलं आठवतं. त्यांचा खर्रा भर चौकात घोटला जातो. पानठेल्यावर दहा माणसं तो हातावर रगडताना बघतात, आपापली पुडी खिशात टाकून गप्पा मारत बसतात. आमची डबी मात्र दाण्यांच्या डब्यामागे, पोह्यांच्या पिशवीत, ब्लाउजच्या कप्प्यात. व्यसन दोघांचं, लाज फक्त आमची. टीव्हीवरच्या जाहिरातीत बाई आइसक्रीमचा चमचा तोंडात घालते आणि कळवळते. पांढऱ्या कोटातला माणूस तिला ट्यूब देतो, ती हसते. तिला कोणी विचारत नाही, की बाई, सकाळी मागच्या दारी तू काय घासतेस?

मुलगी सौंदडला दिली आहे. घरची धानाची शेती आणि किराणा. जावई सालस आहे, सासू खमकी आहे. गेल्या उन्हाळ्यात ती माहेरी आली तेव्हा तिला गार पाणी तोंडात घेववत नव्हतं. अंबाडीची भाजी केली, तिची आवडती, तर पहिल्याच घासाला तिनं डोळे मिटून घेतले.

"का झालं वो?"

"दात झिनझिनतात आई. खालचे, समोरचे. जसा कोणी तार लावून राहिला आतमधून."

ती ब्रश जोरात घासते, लहानपणापासून. हिरड्या खाली सरकल्या होत्या, दातांची पिवळी मुळं उघडी पडली होती. एवढंच होतं तेव्हा. त्या वेळी तिला डॉक्टरकडे नेलं असतं तर दोन आठवड्यांत काम झालं असतं. मी काय केलं? मी तिला सांदवाडीत नेलं, डबी उघडली आणि म्हटलं, "एक बोट लाव. पाहा कसं चूप होते."

"याक! तू घासतेस हे?"

"कधीमधी."

"कधीमधी कायले खोटं बोलतेस, बोट पाहा तुझं."

माझ्या बोटाचं टोक कायमचं तपकिरी झालं आहे. ती हसली, मी पण हसले. आईनं लेकीला काहीतरी गुपित दाखवावं तशी ती वेळ होती आणि मला ती फार आवडली होती, हे लपवत नाही. तिनं लावलं, तोंड वाकडं केलं, थुंकली, डोकं धरून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "खरंच चूप झालं वो."

सासरी जाताना तिनं स्वतःहून एक डबी मागितली. मी दिली. साडी द्यावी तशी दिली.

वर्ष सरायच्या आत तिचे दात इतके बिघडले की ती तोंडावर पदर घेतल्याशिवाय हिवाळ्यात बाहेर पडेना. त्या लगदीत माती असते. रोज मातीनं घासलं तर दाताचं मूळ किती टिकणार? पण बधिरपणामुळे तिला वाटायचं, गुडाखू आहे म्हणून निभतं आहे. मलाही तसंच वाटायचं. दुखलं की घास, घासलं की झीज, झिजलं की जास्त दुख. दोघी शिकलेल्या बाया आणि हे एवढं सरळ गणित आम्हाला दिसलं नाही. की दिसत होतं आणि आम्ही बघत नव्हतो?

शेवटी जावयानंच तिला गाडीत बसवून दिलं, गोंदियात दाखवा म्हणून. मग तो दवाखाना, ती खुर्ची आणि नवऱ्याला विचारलेला तो प्रश्न.

डॉक्टर तरुण होते, कामाला वाईट नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं, तेही नवऱ्यालाच, पण मी ऐकत होते. दाताच्या मुळाला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात. वरचं आवरण गेलं की ती उघडी पडतात आणि गार, आंबट, गोड सगळं त्या भोकांतून थेट नसेपर्यंत जातं. त्यावर खनिजांचं औषध लावायचं. खनिजं त्या भोकांत जाऊन बसतात आणि हळूहळू ती बुजवतात. नवरा म्हणाला, "म्हंजे बांधीच्या धुऱ्याले खेकड्यानं भोक पाडलं का आपण माती थापतो, तसं."

"वैसाच, काकाजी. एकदम वैसाच."

मला ते तेव्हाच कळलं. माती थापून झाल्यावर रोज सकाळी कोणी फावड्यानं बांधावरून ती खरवडली तर धानाच्या बांधीत पाणी राहील का, हेही कळलं. मी बोलले नाही.

त्यांनी हवेच्या फवाऱ्यानं दात कोरडे केले तेव्हा मुलगी खुर्चीतून अर्धी उठली, हात घट्ट आवळून. मग बारीक कुंचल्यानं एकेका दातावर औषध लावलं. सोबत एक ट्यूब आणि चुळा भरायची एक बाटली दिली. ट्यूबमधली पेस्ट ब्रशनं लावायची नाही, बोटानं अलगद लावून तशीच राहू द्यायची. बाटलीतलं पाणी तोंडात फिरवून थुंकायचं, वरून साधं पाणी घ्यायचं नाही. काही घासायचं नाही. "कुछ भी नहीं घिसना," ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. पण ते सहज असावं.

उपचार होईपर्यंत मुलगी आमच्याकडेच राहिली. पहिली सकाळ आम्ही दोघींनी काढली. तिनं पेस्ट लावली, मी नुसता चहा घेतला. दुपारपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागलं, हात थरथरू लागले. गुडाखूशिवाय शौचाला झालं नाही म्हणून ती चिडली, मी जास्त चिडले. तिला सोबत म्हणून मीही सोडायचं ठरवलं होतं ना. दुसऱ्या सकाळी ती सांदवाडीच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, थोडीशी. औषध लावल्यावर लावते मी वरून."

"डॉक्टरनं काही घासू नको म्हटलं."

"घासत नाही वो. नुसती लावते. पेस्टबी बोटानंच लावायची आहे न, मग हे बोटानं लावलं तं का होते?"

मी डबी काढली. वाळली होती. गुडाखू वाळली की बाया तिच्यात चार थेंब पाणी टाकून बोटानं कालवतात, पुन्हा मऊ होते. मी पाण्यासाठी मोरीकडे वळले आणि माझी नजर त्या बाटलीवर गेली. फिकट निळं, जरासं खारट लागणारं ते औषधी पाणी. मी झाकण भरून घेतलं आणि डबीत ओतलं.

इथं मला थांबून सांगायचं आहे की मी वेडी नाही. माझा हिशेब असा होता, की पोरगी गुडाखू सोडणार नाही, आणि औषध तर दातांपर्यंत गेलंच पाहिजे. मग औषध गुडाखूतूनच जाऊ दे. खनिजं काय, मातीतूनच येतात, मातीबरोबर मुरतील. मला त्या क्षणी स्वतःचं कौतुक वाटलं. मुलगी म्हणाली, "तू तं डॉक्टरच झालीस!" आणि आम्ही दोघी निळसर काळी लगदी दातांवर लावून सकाळच्या उन्हात बसलो. हा मूर्खपणा दुसऱ्या कुठल्या गावातली बाई करणार नाही. डॉक्टरनं दिलेलं औषध आम्ही फेकलं नाही, नाकारलं नाही. इमानदारीनं, रोज, आम्ही ते गुडाखूला पाजलं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी दात बघितले, कपाळाला आठ्या घातल्या. लावलेलं कुठंच दिसत नव्हतं. त्यांनी पुन्हा लावलं. तिसऱ्या खेपेला औषध बदललं. कुठल्या कंपनीचं तरी नाव घेऊन आपल्या कंपाउंडरवर ओरडले, की माल बरोबर आला नाही. तो बिचारा खोका उलटासुलटा करून तारीख वाचत राहिला. मी स्टुलावर.

मग नवऱ्याचा पारा चढला. आमचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. काउंटरवर हात आपटायची त्यांना सवय आहे, तो त्यांनी तिथंही आपटला.

"का जी डॉक्टर, नुसता पानी लावून राहिले का? मीबी औषधच विकतो. माह्या औषधानं धानावरचा तुडतुडा नाही मेला तं कास्तकार डबा आणून तोंडावर फेकते. तुमचं काम नाही करत तं सांगून टाका, आमी नागपूरले नेतो पोरीले."

बाहेर बाकावर बसलेले दोन पेशंट वाकून आत बघू लागले. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "काकाजी, मैं भी समझ नहीं पा रहा. सबको आराम मिलता है इससे." त्यांच्या आवाजात जी शंका होती ती स्वतःवर होती. एका माणसाला त्याच्या कामाबद्दल शंका वाटायला लावली आम्ही, आणि त्याचं काम चोख होतं.

त्या दिवशी ते म्हणाले की आता दुसरा इलाज दिसत नाही. जे दात जास्त त्रास देतात त्यांची नस काढून टाकावी लागेल. रूट कॅनल. एकेक करून चार दात. पहिला येत्या आठवड्यात.

घरी आल्यावर मुलगी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. बाप बाहेर फोनवर बोलत होता. तिनं हळू आवाजात विचारलं, "आई, सांगून टाकू का वो डॉक्टरले?"

मी पोळी लाटत होते. लाटतच राहिले.

"काय सांगतेस?"

"हेच. गुडाखूचं. मले वाटते त्याच्यानंच होऊन राहिलं."

"अन् मग? तुझ्या बाबानं सगळ्यांसमोर सांगितलं न, आमच्या बाया नाही घेत म्हणून. त्यांचं तोंड काळं करतेस? तुझ्या सासूच्या कानावर गेलं तं?"

"सासूबी घासते न!"

"ते सासू होय. तिले कोण बोलणार? तू सून होय. चूप बस."

ती चूप बसली. हे मी जन्मात विसरणार नाही. पोरगी खरं बोलायला निघाली होती आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला. डॉक्टरनं माझ्या नवऱ्याला विचारलं म्हणून मी आत आत जळत होते. इथं पोरगी मला विचारत होती आणि मी अगदी नवऱ्यासारखंच उत्तर दिलं. त्यांनी काउंटरवर हात आपटला तसाच माझाही, फक्त लाटण्यावरचा.

पहिल्या दाताची नस त्या आठवड्यात गेली. मी बाहेर बाकावर होते. आतून यंत्राचा आवाज येत होता, बारीक, लांबत जाणारा. मी मनातल्या मनात म्हणत होते की कदाचित हा दात खरंच वाया गेलेला असेल. माझ्यासारख्या बाया स्वतःला काय काय सांगू शकतात! ती बाहेर आली तेव्हा अर्धा ओठ लोंबत होता. नवऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "या डॉक्टरनं पोरीची वाट लावली." मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

दुसऱ्या दाताच्या दिवशी मी स्टुलावर बसले नाही, उभी राहिले. डॉक्टरांनी सुई भरली. मुलीनं डोळे मिटले होते. नवरा दारात, मान वर करून. डॉक्टर सुई घेऊन वाकले आणि सवयीनं म्हणाले, "बस, चींटी काटेगी."

"थांबा डॉक्टर," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. डॉक्टर थांबले. "क्या हुआ आंटी?"

"नस काढू नका. तिचे दात गुडाखूनं गेले. ती रोज घासते. सवय मी लावली तिले. तुमचं औषध चांगलं आहे."

मग डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली, फार सावकाश. "कब से?"

"साल झालं."

"इलाज के टाइम भी?"

"रोज."

"और वो माउथवॉश?"

मी पिशवीतून डबी काढली, रुमाल सोडला, त्यांच्या ट्रेमध्ये सुईशेजारी ठेवली. "याच्यात ओतत होती मी."

त्यांनी डबी उघडून नाकाशी नेली. वास बघितला आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. "मैं दवाई बदल रहा था," ते म्हणाले, "मैं लड़के को गालियाँ दे रहा था. आंटी, मैंने इसका एक दाँत खोल दिया! अच्छा-खासा दाँत!" ते माझ्यावर ओरडत होते आणि मला बरं वाटत होतं. पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलत होते.

आणि मग नवरा. त्यांना बोलायचं होतं पण गाल भरलेला होता. "घरात? माह्या घरात हे धंदे? अवो, तुले लाज—"

"आधी तोंडातला थुंकून या," मी म्हटलं. "मग बोला लाजेचं."

पंचवीस-तीस वर्षांत मी त्यांना असं बोलले नव्हते. ते खरंच बाहेर गेले. परत आले तेव्हा तोंड रिकामं होतं आणि बोलायला काही उरलं नव्हतं. बाकावरचे पेशंट ऐकत होते. ऐकू दे म्हटलं. तुम्ही सगळे पन्नी घोटत बसता त्या बाकावर, ऐका.

मी डॉक्टरांनाही सोडलं नाही. म्हटलं, "तुम्ही तिच्या बापाले विचारलं. तिले विचाराले पाहिजे होतं. एकटीले. बाप समोर उभा असताना कोणती पोरगी सांगणार हो?" ते डबीचं झाकण लावत म्हणाले, "हाँ. वो मेरी गलती है." तेवढं त्यांनी कबूल केलं, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

मुलगी मात्र माझ्यावर खूश नव्हती. मी समजत होते की मी तिला वाचवलं. ऑटोत बसताना तिनं माझ्याकडे पाठ केली. "बाबाले बाहेर पाठवून सांगता नसतं आलं तुले? मले बोलायचं होतं तं चूप बसवलंस. अन् आज साऱ्या दवाखान्यासमोर मलेच गुडाखूवाली करून टाकलंस." बरोबर होतं तिचं. गप्प राहायचं तेही मी माझ्या मनानं, बोलायचं तेही माझ्या मनानं. तिचं तोंड, तिचे दात, आणि सगळे निर्णय माझे.

आम्ही घरी पोचायच्या आतच बातमी सौंदडला गेली असावी. संध्याकाळी इहीनबाईंचा, म्हणजे तिच्या सासूचा, फोन. नमस्कार-चमत्कार नाही, सरळच.

"का वो इहीनबाई, पोरीले हेच शिकवून पाठवलं का आमच्या घरी?"

"हो," मी म्हटलं. "मीच शिकवलं. माझी चूक आहे."

याची त्यांना अपेक्षा नव्हती. जरा अडखळल्या, मग पुन्हा जोर धरला. "चांगल्या घरच्या सुना असं करतात का? गावात तोंड दाखवाले जागा नाही ठेवली."

"तुमी काय घासता जी सकाळी?"

"माह्या वयाची गोष्ट येगळी आहे," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "अन् तुमाले कोनं सांगितलं?"

"तुमच्या सुनेनं. एकाच मोरीत थुंकता तुमी दोघी."

त्यांनी फोन ठेवला. जावयानं नंतर फोन करून एवढंच विचारलं, की दात वाचतील ना? त्या सगळ्या गोंधळात हा प्रश्न विचारणारा तो एकटा माणूस निघाला.

सोडण्याचे दिवस वाईट गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुडाखू पूर्ण बंद झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. आम्ही दोघी घरात वाघिणींसारख्या फिरत होतो. बडीशेप, लवंग, खडीसाखर, जे हाताला लागेल ते तोंडात. तिनं एकदा स्टीलचा पेला भिंतीवर फेकला. मी तिला दोन शिव्या दिल्या ज्या मला येतात हे मलाही माहीत नव्हतं. नवरा त्या दिवसांत दुकानातून उशिरा यायचे. त्यांनी खर्रा सोडला नाही. घरात खायचा नाही एवढं मी बजावलं, ते त्यांनी पाळलं. पण फाटकाबाहेर उभं राहून शेजाऱ्याला सांगताना मी ऐकलं, "बायाईचा काही भरोसा नाही गा. लपून लपून का का करतात." आणि शेजारी आपली पुडी झटकत म्हणाला, "खरी गोष्ट." दोघांच्या तोंडात तेच. मला वाटलं, जाऊन दोघांची डोकी एकमेकांवर आपटावी. नाही आपटली. पण खिडकी उघडली आणि मोठ्यानं म्हटलं, "लपून नाही आता. सांगून सोडली. तुमी केव्हा सोडता ते सांगा." शेजारी घरात गेला.

शेजारणीनं दुसऱ्या दिवशी मला कुंपणाजवळ गाठलं. इकडेतिकडे बघून विचारलं, "ते औषध खरंच दातावर लावलं का झिनझिन थांबते का वो?" मी सांगितलं, थांबते, पण आधी डबी टाकावी लागते. पदराआड तिचं बोट तपकिरी होतं.

मग डॉक्टरांनी पुन्हा सुरुवात केली. तेच औषध, पहिलंच, जे त्यांनी बदललं होतं. कुंचल्यानं लावलं, घरी पेस्ट, चुळा. या वेळी ते मुलीशी बोलायचे, मी बाहेर बसायचे. काही आठवड्यांनी ती माठातलं पाणी पेल्यानं प्यायला लागली, आधी घोट तोंडात धरून, मग सरळ. ती मला सांगायला आली नाही. मी स्वयंपाकघरातून बघितलं.

सौंदडला परत जायच्या आधी शेवटचं दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, बाकी तीन दात टिकले, नस काढायची गरज नाही, सांभाळून राहा. ऑटोत बऱ्याच वेळानं तिनं माझ्याकडे तोंड केलं.

"आई, तो एक दात. त्याले आता बरफ लावलं तरी काही नाही वाटणार."

"मले माहीत आहे."

"तो चांगला होता न? डॉक्टर म्हणाले, चांगला होता."

"हो."

"अन् तुले तेव्हाच माहीत होतं. बाहेर बाकावर बसली होतीस तेव्हा."

ऑटोवाला गर्दीतून वाट काढत होता, हॉर्न वाजवत होता. पूर्वी मी त्या आवाजाचं निमित्त केलं असतं, ऐकू आलं नाही असं दाखवलं असतं.

"हो," मी म्हटलं. "माहीत होतं."

तिनं मान हलवली आणि बाहेर बघायला लागली. तिला अजून राग आहे. असू दे. फोन करते ती, पण आधीसारखा रोज नाही.